दोन गाणी, एक ठोका: तबकड्या जुळवण्याचा इतिहास

आमच्या अवसरी खुर्दकडे ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यांसमोर माणूस येत नाही, गाडी येते. ‘हळदीला डीजे सांगितलाय’ म्हणजे टेम्पोवर रचलेली बॉक्सची भिंत, जनरेटर, फिरत्या लाइटा आणि कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला एक पोरगा. त्या पोराला कुणी डीजे म्हणत नाही. तो ‘ऑपरेटर’. बाकी जगात मात्र उलटं आहे. तिथे डीजे म्हणजे डिस्क जॉकी, तबकड्या हाकणारा माणूस, आणि त्याच्या कसबाला मोठा मान.

हे कसब नेमकं काय? तर एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात असं मिसळायचं की नाचणाऱ्यांचा पाय अडखळू नये. सोपं वाटतं ना? माझ्या पीएचडीचा विषय आहे स्वतंत्रपणे डोलणाऱ्या दोन गोष्टी एका लयीत कशा येतात हा. त्यामुळे यात्रेच्या मिरवणुकीत माझं लक्ष नाचण्यापेक्षा एका गाण्यातून दुसरं कसं निघतं याकडेच जास्त असतं. आवाज किती मोठा असावा हा वाद वेगळा, तो आज बाजूला ठेवू. आज बघायचंय ते एवढंच: दोन तबकड्या जुळवण्यासाठी आधी माणसाचा हात शिकला, मग यंत्र शिकलं, आणि या सगळ्यात गाणंच कसं बदलत गेलं.

आधी थोडं गणित: लय आणि सम

समजा, चालू असलेल्या गाण्यात मिनिटाला १२५ ठोके पडतात आणि पुढच्या गाण्यात १२०. पुढचं गाणं ४.१७ टक्के जोरात फिरवलं की त्याचेही १२५ होतात. झाली लय जुळली.

पण एवढ्याने भागत नाही. गाणं शिकलेल्यांना हे सांगायला नको. दोन तबलजी अगदी एका लयीत वाजवतायत, पण एकाची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर पडतेय, तर त्याला आपण जुळलं म्हणत नाही. भौतिकशास्त्राच्या भाषेत पहिली गोष्ट वारंवारता, दुसरी कला. दोन्ही एकदम साधाव्या लागतात. शिवाय तिसरी गोष्ट असते. चालू गाण्याचा अंतरा अर्ध्यावर असताना पुढच्याचा मुखडा घुसवला तर ठोके जुळूनही कानाला खटकतं.

आता चुकीला किती जागा आहे ते बघा. एक गाणं १२० ठोक्यांचं, दुसरं १२०.५. फरक नगण्य, हो की नाही? सुरुवातीला दोन्ही ठोके नेमके एकावर एक ठेवले तरी प्रत्येक ठोक्याला साधारण २ मिलिसेकंदांचं अंतर पडत जातं. १६ सेकंदांत ३२ ठोके होतात, तोवर अंतर ६६ मिलिसेकंदांवर गेलेलं असतं, आणि ‘धप्प’ ऐवजी ‘ध-धप्प’ ऐकू यायला लागतं. मिनिटभराने एका गाण्याचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडतो. म्हणजे एकदा जुळवून हात झटकता येत नाहीत. सतत ऐकत राहून सारखं करत राहावं लागतं.

चावी उतरली की गाणं रडतं

जुन्या काळातला चावीचा फोनो तुम्ही निदान सिनेमात तरी पाहिला असेल. चावी उतरत आली की तबकडी मंदावते, गाणं रेंगाळतं आणि गायिकेचा आवाज जाडाभरडा होत जातो. तबकडीत हीच मूळची गोम आहे. वेग आणि स्वर एकाच दोरीने बांधलेले. सुई खाचेतून जितक्या वेगाने जाईल तितकी कंपनं दर सेकंदाला निघणार. वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढवला तर सगळं गाणं एका अर्धस्वराने वर चढतं, म्हणजे सा चा कोमल रे होतो. वरच्या उदाहरणातलं ४.१७ टक्क्यांचं गाणं पाऊण अर्धस्वराला थोडं कमी इतकं चढलेलं असतं. नाचणाऱ्याला कळत नाही, पण चांगल्या कानाच्या माणसाला कळतं. म्हणून लय जुळवताना किती ताणायचं याला मर्यादा होती. दोन गाणी मुळातच जवळच्या लयीची निवडावी लागायची. डीजेची निम्मी कला ही निवडीतच होती.

हात शिकला

१९६९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत ‘सँक्च्युअरी’ नावाचा क्लब चालायचा. तिथे फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण तबकड्या वाजवायचा. एक गाणं संपलं की दुसरं लावायचं, ही तेव्हाची सर्वसाधारण पद्धत. ग्रासोने दोन यंत्रं शेजारी ठेवून एकाचे ठोके दुसऱ्याच्या ठोक्यांवर बसवायला सुरुवात केली आणि दोन वेगळी गाणी बराच वेळ एकत्र चालवून दाखवली. एका कानाला हेडफोन, त्यात पुढचं गाणं. दुसरा कान उघडा, त्यात चालू गाणं. हेडफोनातलं गाणं तो हवं तिथे आणून ठेवायचा आणि तबकडी बोटाने धरून ठेवायचा. खालची थाळी फिरतच असायची, मध्ये घसरणारा कापडाचा तुकडा. समेवर बोट सोडलं की तबकडी लगेच वेगात. रेडिओवाल्यांची ही जुनी युक्ती त्याने नाचाच्या जागी आणली.

एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रासोच्या तबकड्यांवर हाडामांसाचे ड्रमवाले वाजवत होते. माणूस वाजवतो तेव्हा कडव्यात जरा सावकाश जातो, ध्रुपदाला जरा पुढे सरकतो. त्यामुळे दोन्ही गाण्यांची लय आपापल्या मर्जीने हलायची आणि ग्रासोचं बोट तिच्या मागे मागे.

याच सुमारास जपानमध्ये यंत्रही बदलत होतं. जुन्या टर्नटेबलमध्ये मोटार एका बाजूला आणि थाळी दुसऱ्या बाजूला, मध्ये रबरी पट्टा. आपल्या पिठाच्या गिरणीसारखंच. हाताने थाळी अडवली की पट्टा घसरतो आणि सोडल्यावर वेग यायला वेळ लागतो. मात्सुशिताने १९७० मध्ये पट्टाच काढून टाकला आणि थाळी थेट मोटारीच्या आसावर बसवली. १९७२ मध्ये त्यांच्या टेक्निक्स या नावाने ‘एसएल-१२००’ आलं आणि १९७९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, एमके-२. तिला उजव्या हाताशी एक सरकती पट्टी होती. वर-खाली केली की वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त. थांबलेली थाळी ०.७ सेकंदात पूर्ण वेगात यायची. घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी सुरू झालेलं हे यंत्र पुढची तीसेक वर्षं जगभरच्या डीजेंचं वाद्य होऊन बसलं.

या यंत्राचं एक गणित मला फार आवडतं. एलपी मिनिटाला ३३.३३ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. गाणं जर १३३.३३ ठोक्यांचं असेल तर एका फेऱ्यात बरोबर ४ ठोके बसतात, आणि सम दर वेळी तबकडीच्या एकाच बाजूला येते. अशा गाण्यात तबकडीवर चिकटपट्टीची खूण लावली तर सम डोळ्यांनी दिसते.

ठोके जुळल्यावरही एक काम उरतं. दोन्ही गाण्यांचा खालचा ढम एकदम वाजला की आवाज चिखलासारखा होतो. कधी दोन लाटा एकमेकींना वाढवतात, कधी मारतात. म्हणून डीजे मिक्सरवर एका गाण्याचा बेस पूर्ण उतरवतो, आणि समेवर एकाचा खाली, दुसऱ्याचा वर अशी अदलाबदल करतो. नाचणाऱ्याला गाणं बदललं असं वाटतं ते खरं तर याच क्षणी. वरचे स्वर केव्हाचे मिसळलेले असतात.

मग गाणंच बदललं

आता इतिहासातलं मोठं वळण. डीजेला जुळवायला सोपी जातील अशी गाणीच बनायला लागली.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर बारा इंची सिंगल तबकडी आली. एका बाजूला एकच गाणं, ऐसपैस. त्यामुळे सुरुवातीला आणि मध्ये नुसते ड्रम वाजवायला जागा मिळाली. ती जागा घरी ऐकणाऱ्यासाठी नव्हती, डीजेसाठी होती. घराला जिना ठेवावा तशी. १९७७ मधलं डोना समरचं ‘आय फील लव्ह’ जवळजवळ सगळंच सिंथेसायझरवर, यंत्राच्या घड्याळावर बांधलेलं होतं. पुढे तालयंत्रं सर्रास आली आणि गाण्याची लय पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत तसूभरही हलेनाशी झाली. ग्रासोच्या बोटाला जे काम सतत करावं लागायचं, त्यातलं बरंचसं गाण्याच्या जन्मातच उरकलं गेलं.

आपल्याकडे याचं सगळ्यात गमतीचं उदाहरण मुंबईत घडलं. चरणजीत सिंग हे हिंदी सिनेसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची तबकडी काढली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. रोलँड कंपनीची तीन यंत्रं: टीआर-८०८ ताल धरणार, टीबी-३०३ बेस वाजवणार, ज्युपिटर-८ वर स्वर. ताल आणि बेसच्या यंत्रांमध्ये एक तार. तालयंत्र त्या तारेतून टिक-टिक पाठवतं आणि बेसचं यंत्र त्या टिकटिकीवर चालतं. जुळवायला मध्ये माणूसच नाही. या अचल ठोक्यावर ललत, यमन, मालकंस. तेव्हा तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चकित झाले, कारण पाच वर्षांनंतर अमेरिकेत जे ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून गाजलं, त्याच यंत्रांचा तसाच आवाज मुंबईत आधीच वाजून गेला होता.

दुसरं उदाहरण गोव्याचं, आणि तिथे गोष्ट उलट्या दिशेने गेली. हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमध्ये १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीत आलं. पण ऊन, दमट हवा आणि धूळ यांत तबकड्या वाकतात, खराब होतात. जगभरातून येणारे लोक मग कॅसेटवर गाणी भरून आणायचे, एकमेकांना कॉपी करून द्यायचे. १९८७ नंतर डॅट आली, म्हणजे छोटी डिजिटल कॅसेट. ती मूळ आवाज जसाच्या तसा ठेवायची. पण तिच्या साध्या यंत्रांवर वेग कमी-जास्त करायची पट्टी नव्हती, आणि टेप काही बोटाने धरून ठेवता येत नाही. मग लय जुळवणार कशी?

जुळवलीच नाही. कॅलिफोर्नियाहून येऊन गोव्यात रमलेला गोवा गिल (१९५१–२०२३) डॅटवरच वाजवायचा. एका गाण्याचा ठोका विरत जायचा, उरायचा नुसता तंबोऱ्यासारखा लांबलचक स्वर, त्यावर पुढच्या गाण्याचा तसाच स्वर यायचा आणि मग त्यातून नवा ठोका उगवायचा. गोवा ट्रान्सच्या गाण्यांना सुरुवातीला आणि शेवटी ठोका नसलेला मोठा भाग असतो, त्यामागचं एक कारण हे आहे. यंत्राला पट्टी नव्हती, म्हणून गाण्याने स्वतःला पूल बांधून घेतला. न्यूयॉर्कच्या गाण्याने डीजेसाठी नुसते ड्रम ठेवले, गोव्याच्या गाण्याने ड्रम काढून घेतले. उपाय अगदी विरुद्ध, अडचण एकच.

सिंकचं बटण

वेग आणि स्वर यांची दोरी सुटली ती संगणकामुळे. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि ते एकमेकांवर कमी-जास्त चढवून पुन्हा मांडायचे, की स्वर तोच राहून गाणं लांबवता किंवा आखडता येतं. या कल्पनेचा एक पाया अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये १९६६ मध्येच घातला गेला होता, पण ते गणित चालत्या गाण्यावर झपाट्याने करणारी स्वस्त यंत्रं यायला वेळ लागला. २००१ मध्ये पायोनियरचं सीडीजे-१००० आलं, ज्यात सीडीला तबकडीसारखा हात लावता यायचा. त्याच काळात लॅपटॉपवरची सॉफ्टवेअरं आली आणि त्यांच्याबरोबर ते बटण: सिंक.

बटण दाबल्यावर आत काय होतं? सॉफ्टवेअर आधी गाण्यात आवाज कुठे कुठे एकदम उसळतो ते शोधतं. मग गाण्याची एक प्रत मूळ गाण्यावर ठेवून हळूहळू सरकवत नेतं आणि किती सरकवल्यावर उसळ्यांवर उसळ्या बसतात ते बघतं. ते अंतर म्हणजे लय. मग सगळ्या गाण्यावर तिफणीने पेरल्यासारख्या समान अंतराच्या ओळी आखतं. दोन गाण्यांच्या ओळी एकमेकींवर ठेवल्या की झालं.

या आखणीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. लय सरळ आहे, आणि ठोके चाराच्या गटात आहेत. आपल्याकडे दोन्ही ठिकाणी अडतं. केरवा ८ मात्रांचा, दादरा ६ मात्रांचा. दोघांची मात्रा अगदी एका लांबीची केली तरी त्यांच्या समा दर २४ मात्रांनी एकदाच भेटणार. मधल्या वेळात पाय नक्की कुठे टाकायचा?

मंचरच्या बाजूला डीजे चालवणाऱ्या एका ओळखीच्या ऑपरेटरला मी हे विचारलं. तो म्हणाला, “ताई, जुनी लावणी सिंकला लागतच नाही. ती पुढंमागं पळती.” मग तू काय करतोस? “काय नाय, मधी हॉर्न टाकायचा, नायतर माइकवर कुणाचंतरी नाव घ्यायचं. तेवढ्यात गाणं बदलायचं.” ऐकलंत? हणजुण्याला लांब स्वर, इथे हॉर्न. त्याला गोवा ट्रान्सचा इतिहास कुणी सांगितला नव्हता. अडचणीनेच त्याला तिथे नेलं.

तबकड्यांना कान नसतात

आता माझ्या विषयाकडे येते. १६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स आजारी पडून खोलीत होता. समोर एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकांची घड्याळं. त्याच्या लक्षात आलं की थोड्या वेळाने दोन्ही लंबक नेमके एका तालात येतात, एक डावीकडे तेव्हा दुसरा उजवीकडे. मुद्दाम बिघडवलं तरी पुन्हा तेच. कारण आधाराचं लाकूड. प्रत्येक घड्याळ त्याला अगदी नकळत हलवतं आणि तेच हलणं दुसऱ्याला जाणवतं. दोघं एकमेकांना ओढतात आणि मध्ये कुठेतरी भेटतात.

माणसं एकत्र वाजवतात तेव्हा असंच होतं, फक्त लाकडाच्या जागी कान आणि डोळे. ढोल-ताशा पथक बघा. ताशा चाल देतो, ढोल त्याला धरतात. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर लांबच्या ढोलवाल्याला ताशा एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. वर काढलेल्या ६६ मिलिसेकंदांपेक्षा हे जास्तच. म्हणून मागचा वादक नुसता कानावर राहत नाही, पुढच्याच्या हातांकडे बघतो. आणि सगळे मिळून लय चढवतात. आरतीत टाळ्यांची लय शेवटी कशी चढते आठवा. कुणी ठरवलेलं नसतं, तरी एकही टाळी मागे राहत नाही.

तबकडीला मात्र कान नसतात. शेजारची तबकडी चढली काय, रेंगाळली काय, तिला पत्ता नाही. दोघींच्या मधलं हायगेन्सचं लाकूड म्हणजे डीजेचा कान आणि बोट. ग्रासोने निर्माण केली ती ही जोड. सिंकच्या बटणाने ती जोड काढून दोघींनाही एका तिसऱ्या घड्याळाला बांधलं. काम सोपं झालं, पण एका अटीवर: दोघींपैकी कुणीही श्वास घ्यायचा नाही.

ही अट आता गाण्यांपर्यंत पोचली आहे. जुन्या गाण्यांची ‘डीजे मिक्स’ रूपं तुम्ही ऐकली असतील. त्यात मूळ गाणं तुकडे करून, ताणून, समान ओळींवर बसवलेलं असतं आणि खाली एकच ढम. ते सिंकला चटकन लागतं. पण इथून जवळच नारायणगाव आहे. चैत्राच्या सुमाराला तिथे तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. त्याच फडांत ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी ऐका. एक पुढे जातो, दुसरा त्याला गाठतो, लय चढत चढत अशा ठिकाणी जाते की लोक उठून उभे राहतात. ती चढण कुठल्याही समान ओळींवर बसत नाही. बसवली तर चढणच राहत नाही.

ऑपरेटरला नावं ठेवायचा माझा हेतू नाही, उलट हॉर्नवाल्या मित्राचा कान तयार आहे म्हणूनच त्याला लावणी ‘पळती’ हे कळतं. माझं म्हणणं एवढंच की जुळवणं सोपं करण्यासाठी आपण गाण्यातून काय काढून टाकतोय हे माहीत असावं. तांत्रिकदृष्ट्या, हलती लय ओळखून तिच्यामागे चालणारं सॉफ्टवेअर बनवता येतं. त्यावर संशोधन चालू आहे. ते दोन्ही गाण्यांना एका घड्याळाला बांधण्याऐवजी एकाला दुसऱ्याचं ऐकायला लावतं. ढोलकीच्या ठेक्यांवर ते तपासलं तर ते किती टिकतं हे मला बघायचंय.

तोवर घरी एक प्रयोग करा. दोन मोबाइल घ्या, दोन्हींवर मेट्रोनोमचं अ‍ॅप टाका. एकावर १२०, दुसऱ्यावर १२१. दोन्ही एकदम सुरू करा. ३० सेकंदांनी एकाची टिक दुसऱ्याच्या मधोमध पडेल आणि मिनिटभराने पुन्हा एकावर एक. मग एक मोबाइल बंद करून त्याच्या जागी तुम्ही टाळी वाजवा, आणि तुमची टाळी किती ठोक्यांत जुळते ते मोजा. बहुतेक दोन-चार ठोक्यांतच. ते तुम्ही कसं करता, हे पुढच्या लेखात.